कांताबाईच्या हातचा थेंब

कांताबाई चहांदे काय काम करतात असं कोणी विचारलं, की त्या एका शब्दात मोकळ्या होत: "सैपाक." विचारणारा पुढे विचारी, कोणाचा? तर म्हणत, "किड्यायचा." मग समोरच्याचं तोंड बघण्यासारखं होई. कांताबाईंना तेच बघायचं असे.

यात खोटं काही नव्हतं. नागपुरातल्या एका विज्ञान संस्थेत, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, हजारोंनी किडे पाळले होते. आता किडे म्हटल्यावर नाक मुरडू नका. हे मातीत राहणारे, मिलिमीटरभर लांबीचे, काचेसारखे आरपार दिसणारे गरीब जीव. चावत नाहीत, वास मारत नाहीत, साध्या डोळ्यांना धड दिसतही नाहीत. त्यांना राहायला बशीएवढ्या प्लास्टिकच्या डबीत जेलीचा थर लागतो आणि खायला त्या जेलीवर जंतूंची पेज. या डब्यांना प्लेटा म्हणायचं. जेली शिजवायची, प्लेटा ओतायच्या, पेज लावायची आणि काचसामान धुवायचं, हे कांताबाईंचं काम. अठरा वर्षं झाली. किड्यांना वीस डिग्रीचं थंड कपाट आणि बाईंना सत्तेचाळीस डिग्रीचं नागपूर, अशी ती वाटणी होती. कांताबाईंची त्यालाही तक्रार नव्हती.

आणि हात कसा! मोठमोठ्या परीक्षा पास झालेली पोरं प्लेटा ओतायला बसली, की कुठे जाड, कुठे पातळ, वर बुडबुडे; निव्वळ बिघडलेली धिरडी. कांताबाईंच्या दोनशे प्लेटा ओळीनं मांडा, एकीचा थर दुसरीपेक्षा जाड निघायचा नाही. पेजेचा थेंब टाकला तर शंभरावा थेंब पहिल्याएवढाच. हे कोणी शिकवलं नव्हतं. सक्करदऱ्याच्या त्यांच्या वस्तीत दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावच्या लोकांसाठी भाजी-पुरीचा स्टॉल लागतो, तिथे पुऱ्या लाटून लाटून तो हात बसला होता. त्या स्टॉलचा एकच कायदा: समोर आलेला माणूस उपाशी परत धाडायचा नाही. कढई खाली झाली तर स्वतःच्या घरून आणायचं, पण नाही म्हणायचं नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुख अरुंधती मॅडम. बाई हुशार, पण बोलण्यात भारी कंजूस. "हो", "नाही" आणि "पुन्हा करा" एवढ्यावर त्यांचा दिवस निघे. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मयुरा मात्र अगदी उलट. लकडगंजातल्या आरामशीनवाल्याची ही मुलगी, आणि लाकूड कापायच्या मशीनच्या आवाजात लहानाची मोठी झालेली, त्यामुळे तिला हळू बोलताच येत नसे. मनात आलं की तोंडात आलंच. कांताबाईंना ती मावशी म्हणे आणि आपलं सगळं संशोधन त्यांना सांगत बसे, कारण बाकी कोणाला तेवढा वेळ नव्हता.

तर हे संशोधन काय होतं? मयुरानं मावशींना सांगितलं तसंच सांगतो, म्हणजे डोक्यावरून जाणार नाही.

या किड्याच्या पोटात एक वळलेली नळी असते. तिच्या एका टोकाला बीजपेशी जन्मतात, अगदी कोवळ्या. त्या पुढे सरकत सरकत वळणाशी पिकतात आणि शेवटी त्यांची अंडी होतात. आता अंड्याला जी जी प्रोटीनं लागणार, त्यांच्या चिठ्ठ्या पेशी कोवळी असतानाच लिहून तयार असतात. पण लिहिल्या म्हणून लगेच वाचायच्या नाहीत. एकेका चिठ्ठीवर एकेक राखणदार बसलेला असतो. वेळेआधी चिठ्ठी वाचली गेली, तर अंडं व्हायचं सोडून भलतंच काही होऊन बसतं. वेळ आली की राखणदार उठतो, चिठ्ठी वाचली जाते, प्रोटीन तयार होतं.

"मग माझा प्रश्न एवढाच आहे मावशी," मयुरा म्हणाली, "की राखणदाराला उठवतं कोण?"

कांताबाईंना यात नवल वाटलं नाही. "लग्नाच्या घरी असंच तं असते वं. यादी आधी झाली राहते, कणीक मळून राहते. पण पंगत बसल्याबिगर कोणी पुऱ्या तळते का?"

मयुरा उडालीच. "हेच तर माझं म्हणणं आहे! जेवण पोटात आलं की राखणदार उठतो. किडा उपाशी असला तर चिठ्ठ्या बंदच राहतात. अंडी घालून उपयोग काय, पिल्लं खाणार काय?" तिनं आपल्या किड्यांत अशी सोय केली होती, की ती एक खास चिठ्ठी वाचली गेली रे गेली, की सूक्ष्मदर्शकाखाली त्या जागी हिरवं चमकावं. हिरवं दिसलं तर प्रोटीन बनलं. काळं दिसलं तर राखणदार अजून बसलेला.

प्रयोग सरळ होता. सोमवारी दुपारी दहा प्लेटांतल्या किड्यांना पेजेवाल्या प्लेटांवर ठेवायचं आणि दहांना कोऱ्या प्लेटांवर, ज्यांच्या झाकणावर लाल रेघ. लाल रेघ म्हणजे अन्न नाही. बुधवारी दुपारी दोन वाजता सगळ्यांना सुईनं चिरायचं, रसायनात घालायचं आणि बघायचं, कोण हिरवं, कोण काळं. मयुरानं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं: जेवलेले हिरवे, उपाशी काळे.

आणि निघाले सगळेच हिरवे! लाल रेघवालेसुद्धा. जेवलेल्यांहून थोडे फिकट, पण हिरवे.

अरुंधती मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "पुन्हा करा." दिवाळीनंतर पुन्हा केलं. पुन्हा सगळे हिरवे. मॅडम म्हणाल्या, "अजून एकदा." डिसेंबरात तिसऱ्यांदा केलं. तेच. तेव्हा मात्र मॅडमही चमकल्या. एकदा झालं तर चूक म्हणावी. तीनदा सारखंच झालं तर त्याला काय म्हणायचं? जानेवारीच्या एका शुक्रवारी मयुरानं सगळ्या विभागापुढे हे मांडायचं, असं ठरलं. बाहेरून दोन मोठे प्राध्यापक येणार होते.

त्या आठवड्यात सोमवारी मयुरा गरम आलूबोंड्यांचा पुडा घेऊन मावशींच्या खोलीत शिरली. मावशी काचा धुऊन बसल्या होत्या. "घ्या मावशी! माझी गाडी निघाली! उपाशी पोटीसुद्धा चिठ्ठी उघडते. म्हणजे राखणदाराचा भुकेशी काही संबंधच नाही. हे आजवर जगात कोणी म्हटलेलं नाही, कळलं का? माझ्या नावानं छापून येणार!"

कांताबाईंच्या हातात आलूबोंडा तसाच राहिला. "उपाशी," त्या म्हणाल्या. "म्हंजे एकदम उपाशी?"

"एकदम! दोन दिवस काहीच नाही. लाल रेघवाले."

"अन् बुधवारी?"

"बुधवारी दोन वाजेपर्यंत काही नाही. का हो?"

"काही नाही वं. असंच," कांताबाई म्हणाल्या. आणि त्यांनी आलूबोंडा न खाताच पुड्यात परत ठेवला.

कारण बुधवारी सकाळी अकरा वाजता, मयुरा खालच्या मजल्यावर बी.एस्सी.च्या पोरांचं प्रॅक्टिकल घ्यायला गेली, की कांताबाई कपाट उघडत आणि लाल रेघवाल्या दहाही प्लेटांत पेजेचा एकेक थेंब टाकत. तिन्ही खेपेला टाकला होता. दोन वाजेपर्यंत उपाशी किडे तो चाटूनपुसून साफ करत, आणि मयुरा आली की प्लेट कोरीच्या कोरी.

आता तुम्ही म्हणाल, बाई अडाणी, तिला उपास कशाला ठेवलाय तेच कळलं नसेल. तसं नाही हो. लाल रेघेच्या प्लेटा बिनखुराकाच्या असतात हे कांताबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्या प्लेटा त्यांनीच तर ओतल्या होत्या. त्यांनी दोन दिवस बोटही लावलं नव्हतं. पण बुधवारी दोन वाजता हे जीव चिरले जाणार, हेही त्यांना ठाऊक होतं. पोरीला हवा होता तो उपास झाला, दोन दिवस पुरे झाले, आता जाणाऱ्याला उपाशी कशाला धाडायचं? एवढाच विचार. उपास मोजायचा तो दोन वाजता मोजायचा आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि कोणी सांगायला हवं होतं, असं मयुरालाही सुचलं नव्हतं.

आणि या विचाराला मूळ होतं. बारा वर्षांपूर्वी खापरखेड्याच्या कामगार कॉलनीतून त्यांच्या मायला पोटाच्या ऑपरेशनसाठी नागपुरात आणलं होतं. सकाळी दहाला नंबर होता म्हणून आदल्या संध्याकाळपासून पोटात काही द्यायचं नव्हतं. दहाचे बारा झाले, बाराचे चार. म्हातारी सारखी म्हणे, "कांता, एक घोट चहा दे वं. नुसता घोटभर." कांताबाईंनी दिला नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं बरोबरच होतं, त्यांनी ऐकलं तेही बरोबरच होतं. माय आत गेली ती परत आली नाही. यात कोणाची चूक काढायला जागा नाही, आणि हेच कांताबाईंना सगळ्यात जास्त खुपे. ज्यावर चिडावं असं कोणी नाही, फक्त एक घोट राहून गेलेला. तेव्हापासून जाणारा कोणी उपाशी दिसला, की त्यांचा हात आपोआप पुढे होई, मग तो मिलिमीटरभराचा का असेना.

संध्याकाळी घरी देवाजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, चहा ठेवला होता. देवाजी तीस वर्षं शहर बसचे कंडक्टर होते, आता घरी असत. कांताबाईंनी बशी हातात घेऊन सगळं सांगितलं.

देवाजींनी ऐकून घेतलं आणि एकेक मुद्दा तपासला. "कोणी पाह्यलं तुले?"

"नाही."

"कोणी इचारलं?"

"नाही."

"मंग खोटं कुठं झालं? खोटं बोलू नये असं पंचशीलात आहे. गप्प राहू नये असं थोडीच आहे? गप्प राह्य. मार्चमध्ये तुहा कागद पुन्हा निघते, त्याच्यावर मॅडमची सही लागते. आपल्याच पायावर कुऱ्हाड कायले मारून राहिली?"

नोकरी कंत्राटी होती, दरवर्षी नव्यानं चालू व्हायची, हे खरं. आणि वर अठरा वर्षांचा विश्वास होता. ज्या खोलीत आजवर कोणी त्यांची पिशवी तपासली नाही, त्या खोलीत उद्या सगळे त्यांच्याकडे संशयानं बघतील, याची भीती पैशापेक्षा मोठी होती. कांताबाईंनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "अवो, तुमच्या बसमधी बिनतिकिटाचा माणूस सापडे, तोही असंच म्हणे ना, का मले कोणी तिकीट मांगतलंच नाही? मंग सोडत होते का तुम्ही त्याले?"

देवाजींनी मिशीवरून हात फिरवला. "नव्हतो सोडत," ते म्हणाले. मग स्वतःच उठून कांताबाईंच्या कपात उरलेला चहा ओतला. "सांगून टाक. होईन ते होईन."

मंगळवारी सकाळी कांताबाईंनी मयुराला गाठलं आणि दारातच सांगितलं. मयुरा आधी हसली. मावशी गंमत करतायत असं तिला वाटलं. मग तिनं त्यांचा चेहरा बघितला, तशी स्टुलावर बसली.

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"सगळ्या लाल प्लेटांत?"

"दहाही. एकेक थेंब. अकरा वाजता."

"काहून केलं तुम्ही असं?" मयुरा ओरडली. एरवी ती कॉलेजात शिकलेलं नीट मराठी बोले, पण राग आला की लकडगंज बाहेर यायचं. "माझे चार महिने गेले ना मावशी! त्या दोघा प्राध्यापकांसमोर मी उभी राहिली असती, अन् सगळं खोटं! छापून आलं असतं तर? तोंड दाखवायले जागा राहिली नसती मले!" आणि ती रडायलाच लागली. कांताबाईंनी पाठीवर हात ठेवला तर तिनं खांदा झटकून टाकला. तो झटका कांताबाईंना फार लागला. मयुरा इथे आल्यापासूनच्या चार वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

पण अर्ध्यावर थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पदर नीट करून त्या तशाच अरुंधती मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या आणि तिथेही सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. कागद पुढे ओढून त्यांनी फक्त प्रश्न विचारले. पेज कोणत्या बाटलीतली? किती दिवसांची? थेंब केवढा? अकरा म्हणजे बरोबर अकरा का? कांताबाईंना प्रत्येक गोष्ट आठवत होती. पेज आदल्या दिवशीची. थेंब बारक्या ड्रॉपरचा. वेळ अकरा वाजून पाच मिनिटं, कारण अकराला चहाची केटली खाली जाते आणि ती पोचवून त्या वर येत. मॅडम लिहीत गेल्या. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "का दिलं?"

कांताबाईंनी मायची गोष्ट सांगितली. चार वाक्यांत संपली. मॅडमनी लिहिलेला कागद फाइलीत ठेवला.

"जा," मॅडम म्हणाल्या. एवढंच.

शुक्रवारचा कार्यक्रम रद्द झाला. प्राध्यापकांना काय कळवलं ते मॅडमनाच ठाऊक. त्या आठवड्यात कांताबाई आल्या, काम केलं, गेल्या. मयुरा समोरून आली की मान खाली घाले. वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेला बसल्या असतानाही कांताबाईंच्या डोक्यात एकच चालू होतं: काढतील का ठेवतील? आणि ठेवलं तरी पुन्हा आपल्यावर कोणी विश्वास टाकेल का? सांगितल्याचा पस्तावा मात्र होत नव्हता. झोप नीट लागत होती. देवाजींनी त्यावरही टोमणा मारला, "नोकरी जाची वेळ आली अन् बाई घोरून राहिली."

सोमवारी मॅडमनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर वीस प्लेटा मांडल्या होत्या. लाल रेघ एकीवरही नव्हती, नुसते एक ते वीस आकडे.

"प्रयोग पुन्हा करायचा," मॅडम म्हणाल्या. आणि मग या बाई वर्षभरात बोलल्या नसतील एवढं एका दमात बोलल्या. "वीसही प्लेटांतले किडे दोन दिवस उपाशी. बुधवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी दहा प्लेटांत पेजेचा थेंब पडेल आणि दहांत नुसत्या खाऱ्या पाण्याचा. म्हणजे बघून ओळखता येणार नाही. तीन तासांत राखणदार उठतो का, ते कळेल. मागच्या तीन खेपांनी तेवढं तर सुचवलं आहे. पण कोणत्या प्लेटला काय मिळालं हे मयुराला कळता कामा नये, नाहीतर तिला हवं तेच तिला दिसेल. मलाही कळता कामा नये. ते एकाच माणसाला माहीत असेल. कांताबाईंना."

मयुराच्या तोंडून निघूनच गेलं, "मॅडम, पण मावशींनीच तर..."

"हो," मॅडम म्हणाल्या. "आणि कोणी विचारलं नसताना सांगितलंही त्यांनीच."

कांताबाई नुसत्या "हौ मॅडम" म्हणाल्या आणि प्लेटांचा ट्रे उचलला.

कोणाला पेज आणि कोणाला पाणी, हे त्यांनी आपल्या मनानं ठरवलं नाही. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे डब्यात 'पेज' आणि 'पाणी' लिहिलेल्या कागदाच्या वीस चिठ्ठ्या टाकून एकेक काढली आणि वहीत लिहून ठेवलं. बुधवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी खोलीत त्या एकट्याच होत्या. पेजेचे दहा थेंब सोपे गेले. पाण्याचे दहा थेंब टाकताना मात्र जीव कासावीस झाला. प्रत्येक थेंबाला त्या पुटपुटत होत्या, "माफ करजा रे बाबू." पेजेची बाटली हाताशीच होती. कोणी बघत नव्हतं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती फ्रीजमध्ये ठेवून दिली. मग खुर्चीत बसून जरा रडल्या. पण पेजेकडे हात नेला नाही.

वीस प्लेटांतले किडे दोन वाजता चिरून रसायनात गेले खरे, पण एकेक बघून मोजायला मयुराला पुढे तीन दिवस लागले. आणि त्या तीन दिवसांत तिनं मावशींना सळो की पळो करून सोडलं. रुसवा कधीच विरघळला होता. तेवढा वेळ न बोलता राहणं तिला जमणारच नव्हतं. "मावशी, नुसतं सात नंबरचं सांगा ना." "मावशी, मी आकडा म्हणते, तुम्ही फक्त डोळे मिटा." एकदा तर चक्क सावजीकडचं मटण आणीन म्हणून लालूच दाखवली. कांताबाई म्हणाल्या, "मटण आण. खाईन. सांगणार नाही." देवाजींनीही घरी विचारून बघितलं. त्यांनाही सांगितलं नाही. वही कुठे ठेवली हेसुद्धा त्यांना कळलं नाही, आणि ती तर कणकेच्या डब्यात होती.

शनिवारी दुपारी तिघी मॅडमच्या केबिनमध्ये बसल्या. मयुरानं आपली यादी उघडली, कांताबाईंनी पिठाचे डाग पडलेली वही. मयुरा रंग सांगणार, कांताबाई अन्न सांगणार, असं ठरलं.

"एक. हिरवी."

"जेवलेली," कांताबाई म्हणाल्या.

"दोन. काळी."

"उपाशी."

"तीन. काळी."

"उपाशी."

"चार. हिरवी."

"जेवलेली."

मयुराचा आवाज चढत चालला. पाच, सहा, सात, सगळं जुळत होतं. दहापाशी ती खुर्चीतून अर्धी उठली होती. तेरापर्यंत एक आकडा चुकला नाही. चिठ्ठ्या तयारच होत्या, राखणदार बसलेला होता, आणि पेजेचा एक थेंब पोटात गेल्यावर तीन तासांत तो उठला होता. जेवले ते हिरवे, उपाशी ते काळे.

"चौदा. हिरवी."

कांताबाईंनी वहीत बघितलं. पुन्हा बघितलं. "उपाशी," त्या म्हणाल्या.

मयुरानं यादीवरून मान वर केली आणि मावशींकडे बघितलं. प्रश्न तोंडावर स्पष्ट लिहिलेला होता. कांताबाईंना सगळं लख्ख आठवत होतं. चौदा नंबरची प्लेट, पाण्याचा ड्रॉपर, माफ करजा रे बाबू. एक शब्द फिरवला असता तर झालं असतं. 'चुकून पेज देल्ली असन' म्हटलं असतं, तर इथपर्यंतचे सगळे जुळले असते, पोरीच्या मनासारखं झालं असतं, आणि आधी तीनदा केलेल्या बाईनं चौथ्यांदा केलं म्हणून कोणाला नवलही वाटलं नसतं. आणि खरं बोललं तर? खरं मानायला त्यांच्याजवळ पुरावा काय होता? पिठाची वही?

"मावशी," मयुरा हळूच म्हणाली. हळू बोलता येत नाही म्हणत होतो ना, त्या दिवशी बोलली. "चुकून एखादा थेंब..."

"नाही," कांताबाई म्हणाल्या. "पाणीच देल्लं. पेज नाही देल्ली."

मयुरा मॅडमकडे वळली. "मॅडम, मग ही चौदा नंबरची यादीतून काढून टाकू का? म्हणजे मावशींकडून नकळत झालं असेल तर..."

अरुंधती मॅडमनी चष्मा काढला. "त्या नाही म्हणाल्या ना?"

"हो, पण..."

"मग नाही. लिही. चौदा. उपाशी. हिरवी."

मयुरानं लिहिलं. लिहून झाल्यावर मावशींकडे वळून म्हणाली, "माझंच काही चुकलं असेल मावशी. प्लेट बदलताना जुनी पेज सोबत गेली असेल. नाहीतर तो किडाच वेगळा असेल. मी बघते काय झालं ते."

"पंधरा," मॅडम म्हणाल्या.

"पंधरा," मयुरानं वाचलं. "काळी."

"उपाशी," कांताबाई म्हणाल्या. आणि पिठाच्या वहीत सोळाव्या ओळीवर बोट ठेवलं.